फोल्डस्कोप: मरीन टाकीत काय माजलंय ते आधी बघा

मरीन (खाऱ्या पाण्यातल्या माशांची) टाकी ठेवणाऱ्याने पहिल्या वर्षात काय काय घ्यावं असं मला कोणी विचारलं, तर पाणी शुद्ध करणारा आरओ-डीआय फिल्टर, चांगलं मीठ आणि फेसातून घाण काढणारा स्किमर यांच्या पाठोपाठ मी फोल्डस्कोपचं नाव घेते. शेवाळ मारायच्या बाटल्या त्याच्या खूप नंतर येतात. टाकीत तपकिरी, लाल, हिरवं काहीतरी माजायला लागलं की आपण दुकानात जाऊन मोबाइलवरचा फोटो दाखवतो, दुकानदार एक बाटली काढून देतो, आणि ती नक्की कशावर चालते हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नसतं. हा कागदी मायक्रोस्कोप ती अडचण बऱ्यापैकी सोडवतो. कुठे सोडवतो आणि कुठे कमी पडतो, ते सविस्तर लिहिते.

मी डोंबिवलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. दिवसभर रक्ताच्या आणि लघवीच्या स्लाइड बघते, त्यामुळे मायक्रोस्कोपकडून माझ्या अपेक्षा जरा जास्तच असतात. घरी दीडशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यात क्लाउनफिशची जोडी, आणि दगडी सांगाडा नसलेले झोअँथिड, मश्रूम आणि एक लेदर कोरल. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. २००१ पासून ते सगळे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि तो कायदा मला मनापासून पटतो. टाकीतला खडकही समुद्रातून काढलेला नाही, सिरॅमिकचा आहे.

आता वस्तूबद्दल. फोल्डस्कोप तयार केला स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी. मनू प्रकाश मूळचे मेरठचे, आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले. २०१४ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसवायचा, हा त्यामागचा हट्ट होता. सुरुवातीला त्यांनी ५०,००० फोल्डस्कोप जगभर वाटले, आणि आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही तो शाळा-कॉलेजांत पोचवायचा कार्यक्रम घेतला होता. पाकिटात छापील कागदाचे ताव येतात. त्यातले भाग दाबून सुटे करायचे, चित्रं बघत घड्या घालायच्या आणि एकात एक अडकवायचे. कागद साधा नाही, पाण्याने भिजत नाही, हाताने फाटत नाही. मधोमध काचेची बारीक गोळी बसवलेली असते, तीच भिंग. वस्तू १४० पट मोठी दिसते, आणि दोन मायक्रॉनपर्यंतचं बारीक अंतर वेगळं ओळखता येतं.

१४० पट म्हटल्यावर लॅबवाले नाक मुरडतात. आमच्याकडे रक्ताची स्लाइड हजार पटीवर बघतात. पण टाकीत त्रास देणाऱ्या बहुतेक डायनोफ्लॅजेलेटांची (हे एकपेशीय जीव, थोडक्यात 'डायनो') पेशी ३० ते ५० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे लाल रक्तपेशीच्या चौपट ते सहापट. एवढ्या मोठ्या पेशीला १४० पट पुरतं. शिवाय आपल्याला तिचा आकार आणि तिची चाल बघायची असते. पोटातले बारकावे नाही दिसले तरी चालतं.

या छंदात पडल्यापासून मी एक गोष्ट वारंवार बघत आलेय. वाळूवर तपकिरी थर आला की सगळे त्याला "डायटम" म्हणतात आणि "आपोआप जाईल" असं सांगतात. नवी टाकी असेल तर बहुतेक वेळा ते खरंही असतं. डायटम म्हणजे एकपेशीय शेवाळ, त्यांचं कवच सिलिकाचं असतं, नळाच्या पाण्यातून किंवा डीआय रेझिन संपलेल्या फिल्टरमधून सिलिकेट येतं, पहिले काही आठवडे ते माजतात आणि सिलिकेट संपलं की ओसरतात. पण तोच तपकिरी रंग डायनोफ्लॅजेलेटांचाही असतो, आणि कधी कधी सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंचाही. तिघांचे उपाय वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला खतपाणी घालणारा. डायटमसाठी पाण्यातून सिलिकेट काढायचं, तर काही डायनोंसाठी मुद्दाम सिलिकेट घालायचं. हिरवं केसाळ शेवाळ माजलं तर नायट्रेट-फॉस्फेट खाली आणायचं, पण डायनो माजतात तेच मुळी नायट्रेट-फॉस्फेट शून्याला टेकल्यावर. तिथे ते वर न्यावं लागतं. फोटो बघून दिलेला सल्ला इथेच घात करतो.

वसईला माझा मावसभाऊ राहतो. त्याच्या टाकीतल्या खडकांवर बुळबुळीत, तारा सुटणारं तपकिरी काहीतरी चढलं होतं आणि त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले होते. गोगलगायी एकेक करून मरत होत्या. त्याच्या नेहमीच्या दुकानात फोटो बघून "फॉस्फेट वाढलंय" असं सांगितलं आणि फॉस्फेट शोषणारे दाणे दिले. सोबत दर दोन दिवसांनी पाणी बदलायला सांगितलं. त्याने ते सगळं इमानेइतबारे केलं, आणि थर आणखी जाड झाला.

"ताई, पाणी तर एकदम स्वच्छ आहे," तो म्हणाला. "नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. तरी हे रोज येतंय."

"शून्य आहे म्हणूनच येत असेल. थांब, आधी बघू."

नमुना घ्यायची वेळ महत्त्वाची आहे. टाकीचे दिवे लागून चार-पाच तास झाल्यावर, दुपारी घ्यावा. डायनो उजेडात वर येऊन गोळा होतात, सकाळी नमुना घेतला तर हाती वाळूच लागते. मी ड्रॉपरने थराचा एक तुकडा ओढून घेतला, त्याच टाकीच्या पाण्यात थोडा सैल केला आणि काचेच्या स्लाइडवर एक थेंब ठेवून कव्हर स्लिप लावली. नळाचं पाणी चुकूनही वापरू नये. खाऱ्या पाण्यातल्या पेशी गोड्या पाण्यात फुगून फुटतात आणि मग बघायला काही उरत नाही. फोल्डस्कोपबरोबर कागदी स्लाइड आणि पारदर्शक चिकटपट्ट्याही येतात, पण ओल्या, जिवंत नमुन्याला काचेची स्लाइडच बरी. ती याच खाचेत नीट बसते.

मग खिडकीकडे तोंड करून फोल्डस्कोप डोळ्याला लावायचा, अगदी पापणी टेकेल इतका जवळ. चष्मा काढावा लागतो. सूर्याकडे सरळ धरायचा नाही, मोकळ्या आभाळाचा उजेड पुरतो. दोन्ही अंगठ्यांनी कागदाची पट्टी सरकवत फोकस आणायचा. आधी सगळं धूसर पिवळं दिसतं, मग एकदम कडा उमटतात. लॅबच्या मायक्रोस्कोपमध्ये प्रतिमा उलटी दिसते, इथे भिंग एकच असल्यामुळे सुलटी. माझ्यासारखीला वर्षानुवर्षांची हाताची सवय मोडावी लागते, नवख्याला काहीच वाटणार नाही.

भावाची मुलगी आधी हटून बसली होती, म्हणून पहिलं तिलाच बघायला दिलं. ती म्हणाली, "आत्या, हे सगळे गोल गोल फिरतायत. जागच्या जागी."

तिने ओळखच सांगितली. ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोंमधलाच एक. थेंबाच्या आकाराच्या पेशी, एका टोकाला निमुळत्या, पिवळट तपकिरी. प्रत्येक पेशी चिकट तंतूने कशाला तरी बांधल्यासारखी असते आणि त्या टोकाभोवती गरगर फिरते. मी बघितलं तेव्हा शेवाळाच्या एका तुटक्या धाग्याभोवती दहा-बारा पेशी फिरत होत्या. एखादी मध्येच थांबायची, अर्धवट झुकायची आणि परत सुरू व्हायची. डायटम असे कधीच फिरत नाहीत. त्यांच्या कडा सरळ आणि कडक असतात, काचेच्या होड्यांसारखे ते एका रेषेत सावकाश पुढे-मागे सरकतात. दोन्ही एकदा शेजारी शेजारी बघितले की पुन्हा चूक होत नाही. मी मोबाइल लावून व्हिडिओ घेतला, चुंबकाची एक चकती भिंगामागे आणि दुसरी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटवायची सोय आहे.

ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही जाती पॅलिटॉक्सिनच्या जातीचं विष तयार करतात. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर ही वाढ एवढी झाली की समुद्रावरून येणाऱ्या तुषारांमुळे सुमारे २०० लोकांना दवाखान्यात जावं लागलं होतं. भावाच्या गोगलगायी का मरत होत्या, ते तिथेच कळलं. म्हणून हातमोजे घालूनच थर काढावा, खडक बाहेर काढून कोरडा घासू नये आणि उकळत्या पाण्यात तर मुळीच टाकू नये. झोअँथिडच्याही काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, तेव्हा ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी ही काळजी एरवीही घ्यावी.

नाव कळल्यावर उपाय सोपा नसला तरी सरळ होता. फॉस्फेटचे दाणे काढून टाकले. पाणी बदलणं थांबवलं. विष शोषायला ताजा कार्बन घातला. नायट्रेट ५ ते १० पीपीएमच्या दरम्यान आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या दरम्यान ठेवायचं ठरलं. दीडशे लिटर पाण्यात एक ग्रॅम सोडियम नायट्रेट विरघळवलं की नायट्रेट साधारण ५ पीपीएमने वाढतं. हे आकडे लॅबवालीला तोंडपाठ असतात, पण टाकीत घालताना टेस्ट किटने मोजून, थोडं थोडंच घालावं. आणि यूव्ही, म्हणजे पाणी अतिनील दिव्यासमोरून नेणारं यंत्र. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री खडक सोडून पाण्यात तरंगायला लागतो, म्हणून यूव्ही त्याच्यावर चालतो. पंप संपमध्ये (फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) न ठेवता थेट मुख्य टाकीतून पाणी खेचेल असा लावला, आणि पाण्याचा वेग कमी ठेवला. पहिल्या आठवड्यातच तारा सुटणं कमी झालं, गोगलगायी मरायच्या थांबल्या. खडक पूर्ण स्वच्छ व्हायला बरेच आठवडे गेले. मधल्या काळात तो दर रविवारी मला व्हिडिओ पाठवत असे, आणि फिरणाऱ्या पेशी कमी होताना दोघांनाही दिसत होत्या. माझ्या मते फोल्डस्कोपचा खरा फायदा हाच. निदान एकदा होतं, पण उपाय लागू पडतोय की नाही हे दर आठवड्याला बघता येतं. डोळ्यांना थर तेवढाच दिसत असला तरी आतली वस्ती बदललेली असते.

माझ्या स्वतःच्या टाकीत वेगळाच पाहुणा आला. वाळू सकाळी पांढरी, दुपारी तपकिरी, रात्री पुन्हा पांढरी. खडकांवर काही नाही, गोगलगायी ठणठणीत. फोल्डस्कोपखाली अंडाकृती पेशी दिसल्या. त्या बांधलेल्या नव्हत्या, वाळूच्या कणांमधून वळत, दिशा बदलत, गुळगुळीत सरकत होत्या. अ‍ॅम्फिडिनियम. हाही डायनोच, मोठ्या पेशींचा. खात्रीसाठी रविवारी लॅबमधल्या जुन्या मायक्रोस्कोपवर चारशे पटीने बघितलं, तेव्हा पेशीच्या पुढच्या टोकाची बारीक वाकडी चोच स्पष्ट दिसली. १४० पटीवर ती चोच असल्याचा भास होतो, शपथेवर सांगता येत नाही. पण चाल आणि जागा यावरून नाव आधीच पक्कं झालं होतं.

हा रात्री पाण्यात येत नाही, वाळूतच खाली जातो. त्यामुळे यूव्ही त्याच्यावर वाया जातो. वसईच्या टाकीला जे लागू पडलं ते डोंबिवलीत उपयोगाचं नव्हतं, आणि यूव्हीचा खर्च मी केला नाही. नायट्रेट-फॉस्फेट सांभाळलं आणि सोडियम सिलिकेट अगदी थोडं थोडं घालून वाळूवर डायटम वाढू दिले. डायटम त्याच जागेसाठी, त्याच उजेडासाठी झगडतात. पहिल्यांदा स्लाइडवर दहा अ‍ॅम्फिडिनियममागे एखादा डायटम दिसायचा, हळूहळू ते प्रमाण उलटलं. तपकिरी रंग बराच काळ तोच होता. बाहेरून बघणारा म्हणाला असता की काहीच फरक नाही. मी मात्र निश्चिंत होते, कारण त्या रंगामागे आता कोण आहे हे मला दिसत होतं. शेवटी सिलिकेट घालणं थांबवलं आणि डायटमही ओसरले.

डायनो म्हटलं की लोक घाबरतात, म्हणून हेही सांगते. कोकणच्या किनाऱ्यावर एखाद्या रात्री लाटा निळ्या उजळतात, ती नॉक्टिल्युका याच गटातली. आपल्या प्रवाळांच्या अंगात राहून त्यांना अन्न पुरवणारे झूझँथेलीही डायनोफ्लॅजेलेटच. लेदर कोरलने टाकलेल्या चिकट पापुद्र्याचा तुकडा स्लाइडवर ठेवला तर त्यात छोटे, गोल, सोनेरी ठिपके दिसतात. न हलणारे. ते बघून कोणी टाकीला औषध घालू नये.

हिरव्या केसाळ शेवाळावर फोल्डस्कोपचा उपयोग होईल असं मला आधी वाटलं नव्हतं. तो तिथेही होतो. ब्रायोप्सिस हा त्यातलाच एक प्रकार, डोळ्यांनाही पिसासारखा दिसतो, दोन्ही बाजूंना फांद्या फुटलेला. पण मासे आणि खेकडे कुरतडतात तेव्हा पिसं जातात, नुसते देठ उरतात, आणि मग तो साध्या शेवाळासारखा दिसतो. अशा वेळी धागा भिंगाखाली धरावा. ब्रायोप्सिस आणि डर्बेसिया यांचा धागा आतून सलग नळीसारखा असतो, मध्ये आडव्या भिंती नसतात. क्लॅडोफोरात ठरावीक अंतरावर आडव्या भिंती स्पष्ट दिसतात, अगदी १४० पटीवरही. हा फरक पैशांचा आहे, कारण ब्रायोप्सिसवर फ्लुकोनाझोल चालतं आणि क्लॅडोफोरासाठी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. छंदातले लोक साधारण लिटरला पाच मिलीग्रॅम घालतात, कार्बन आणि यूव्ही बंद ठेवतात आणि दोन आठवडे वाट बघतात. फ्लुकोनाझोल हे माणसांचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं बुरशीविरोधी औषध आहे. मेडिकलवाल्याकडून ते उगाच मागून आणू नये, आणि काम झाल्यावर पाणी गटारात ओतण्याआधी कार्बनमधून चांगलं फिरवून घ्यावं.

इथे मला तळमळीने एक सांगायचंय. लालसर-जांभळा, कातड्यासारखा सोलून निघणारा थर बहुतेक वेळा सायनोबॅक्टेरिया असतो. फोल्डस्कोपखाली सारख्या जाडीचे, फांद्या नसलेले धागे दिसतात, निळसर हिरवे किंवा तांबूस, काही जाती किंचित डुलतात. ते जिवाणू आहेत म्हणून काही जण टाकीत एरिथ्रोमायसिन घालतात. मी रोज लॅबमध्ये कल्चर बघते, औषधांच्या चकत्यांभोवती जिवाणू बिनदिक्कत वाढलेले असतात. त्या रिपोर्टमागे माणसं असतात, कधी लहान मुलं असतात. शोभेच्या टाकीसाठी प्रतिजैविक वापरून ते पाणी गटारात सोडणं मला कुठल्याच कारणाने मान्य नाही. सायनो नळीने ओढून काढता येतो. जिथे पाणी साचतं तिथे पॉवरहेडचं (टाकीतलं पाणी फिरवणाऱ्या पंपाचं) तोंड वळवावं, वाळूत अडकलेली घाण काढावी, खाणं कमी करावं, आणि नायट्रेट शून्य असून फॉस्फेट वर असेल तर तो तोल सावरावा. वेळ लागतो, पण जातो. थर काढताना दर वेळी एक थेंब बघून घ्यावा, कारण सायनोच्या धाग्यांखाली डायनो लपलेले असू शकतात, आणि वरचा लाल थर गेला की ते उघडे पडतात.

बबल अल्गी आणि आयप्टेजिया यांच्यासाठी फोल्डस्कोप काढायची गरज नाही. बबल अल्गीचा, म्हणजे व्हॅलोनियाचा हिरवा फुगा डोळ्यांनीच दिसतो, अख्खा फुगा एकच पेशी असतो, तो न फोडता अलगद उचलायचा. आयप्टेजिया हे शेवाळच नाही, छोटं समुद्रफूल आहे, त्याला पेपरमिंट कोळंबी खाते.

आता उणिवा. भिंगाखाली फक्त मधला भाग स्पष्ट दिसतो, कडेला सगळं वाकतं आणि धूसर होतं. पेशी पळत असेल तर तिला अंगठ्याने पाठलाग करत मध्यभागी ठेवणं हे कसबाचं काम आहे, आणि पहिल्या दिवशी ते कोणालाच जमत नाही. वाळूचा मोठा कण स्लाइडवर राहिला तर कव्हर स्लिप तिरकी बसते आणि फोकसच येत नाही, म्हणून नमुना दोन मिनिटं उभा ठेवून वरचंच पाणी घ्यावं. डायनोंची शेपटीसारखी कशाभिका इथे दिसत नाही. कूलिया हा आणखी एक डायनो आणि छोटा ऑस्ट्रिऑप्सिस यांच्यातला फरक मी यावर खात्रीने सांगणार नाही, त्याला चारशे पट लागतंच. संध्याकाळी खिडकीचा उजेड गेला की वेगळा दिवा हवा. महागड्या संचात तो मिळतो, साध्या संचात टेबललॅम्पवर पांढरा कागद धरून भागवावं लागतं. चुंबकाच्या चकत्यांवर खारं पाणी सांडलं तर त्या गंजतात. भिंगावर मिठाचा डाग पडला तर डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेल्या कापसाने हळूच टिपावा, घासू नये.

आणि थेंब सुकतो. उन्हाळ्यात डोंबिवलीत पंख्याखाली दहा मिनिटांत कडेने मिठाचे चौकोनी स्फटिक उगवायला लागतात. पाणी आटत जातं तशी खाऱ्याची तीव्रता वाढते, पेशी मंदावतात, मग थांबतात. म्हणून स्लाइड लावल्या लावल्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत चाल बघून घ्यावी. आमच्या लॅबमधला लुगॉल आयोडिनचा थेंब घातला तर पेशी स्थिर होतात आणि आकार निवांत बघता येतो, पण तो चाल बघून झाल्यावरच घालायचा. मेलेला ऑस्ट्रिऑप्सिस आणि मेलेला अ‍ॅम्फिडिनियम नवख्याला सारखेच वाटतील.

पर्याय काय आहेत? एक फुकटचा आहे. थराचा तुकडा टाकीच्या पाण्यासकट बाटलीत घालून जोरात हलवायचा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळायचा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवायचं. तासाभरात पाण्यात पुन्हा गुठळ्या, तारा जमल्या तर डायनो. ही चाचणी चांगली आहे, पण डायनो कुठला ते ती सांगत नाही, आणि यूव्ही घ्यायचा की नाही हे तर त्यावरच ठरतं. दुसरा पर्याय संगणकाला जोडायचा स्वस्तातला यूएसबी मायक्रोस्कोप, ज्याच्या खोक्यावर "१००० पट" छापलेलं असतं. मी एक वापरून बघितला. त्यावर कोरलचे तोंड, खेकड्याचे पाय सुंदर दिसले, पण एकपेशीय काहीही ओळखता आलं नाही. तिसरा पर्याय अंबाल्याला बनणारा विद्यार्थ्यांचा साधा मायक्रोस्कोप, दहा आणि चाळीसच्या वस्तुभिंगाचा. पैसे आणि जागा असेल तर खुशाल तोच घ्या, तो प्रत्येक बाबतीत सरस आहे. फक्त तो उचलून लोकलने वसईला नेता येत नाही, आणि दहा वर्षांच्या मुलीच्या हातात देताना जीव खालीवर होतो.

घ्यायचा झाला तर साधा संच पुरेसा आहे. धातूच्या डब्यातला मोठा संच देखणा आहे, पण त्यातलं बरंचसं सामान टाकीवाल्याला लागत नाही. त्याऐवजी सायंटिफिक सामानाच्या दुकानातून काचेच्या स्लाइडचं एक खोकं, कव्हर स्लिप आणि प्लॅस्टिकचे चार ड्रॉपर घ्या. प्रत्येक टाकीचा ड्रॉपर वेगळा ठेवा, एकाचा दुसरीकडे नेऊ नका, एका थेंबातूनही डायनो प्रवास करतात. पुढच्या वेळी दुकानात जाताना मोबाइलमध्ये खडकाच्या फोटोऐवजी भिंगाखालचा व्हिडिओ असू द्या. दुकानदारानेही हा बघायला शिकावा अशी माझी फार इच्छा आहे. मी माझ्या दुकानदाराला एक देऊन आलेय, काउंटरवर ठेवलाय त्याने.